अनुभव धागा : ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी कच्च्या रस्त्यांवर एकट्याने

मंडळी, मे ते ऑगस्ट हा ऑस्ट्रेलियाच्या आतल्या वाळवंटी भागात गाडी काढायचा मोसम. इथली बरीच मराठी माणसं हल्ली तिकडे जातात, काही जण एकटेच. डांबरी हायवेची वर्णनं भरपूर वाचली. मला हवेत ते कच्च्या रस्त्यांवरचे, सोबतीला कुणी नसतानाचे अनुभव. रस्ता कुठला, बरोबर काय नेलंत, अडलात तेव्हा काय केलंत, सगळं सविस्तर लिहा. सुरुवात मी करते.

मी गेले ऊडनाडाटा ट्रॅकवर. दक्षिण ऑस्ट्रेलियात मरी ते मार्ला, साधारण ६२० किलोमीटर खडी आणि माती. जुन्या घॅन रेल्वेची लाइन इथूनच जायची. १९८० साली ती बंद झाली, पण पूल आणि पडकी स्टेशनं अजून वाटेत भेटतात. वाफेच्या इंजिनांना पाणी लागे, आणि या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी झऱ्यांतून आपोआप वर येतं. इथल्या अरबाना आदिवासींना हे झरे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते, रेल्वे फार नंतर आली. त्यांतला 'बबलर' नावाचा झरा जरूर बघा. स्वच्छ पाण्याच्या गोल तळ्यात खालची वाळू हळूहळू फुगते, तिला वळसे पडतात, मग मोठा बुडबुडा वर येऊन फुटतो. मी तिथे दुपार घालवली.

एकटीने जाताना मी एक नियम काटेकोर पाळला. मुक्काम ठरला की सॅटेलाइट मेसेंजरवरून (मोबाइलची रेंज नसतानाही उपग्रहामार्फत निरोप पाठवणारं छोटं यंत्र) घरी ठावठिकाणा कळवायचा. सकाळी ठरल्या वेळेपर्यंत निघाल्याचा निरोप आला नाही तर कुणाला फोन करायचा, ते नंबर नवऱ्याने फ्रीजवर लावून ठेवले होते. मरी सोडल्यावर मोबाइलच्या भरवशावर राहूच नका.

पर्थहून

ताई, छान धागा. मी लॅव्हर्टनहून उलुरूकडे गेलो, ग्रेट सेंट्रल रोडने. हजार किलोमीटरहून जास्त अंतर आहे. हा रस्ता आदिवासींच्या मालकीच्या जमिनीतून जातो, त्यामुळे परवाना लागतो. पश्चिम ऑस्ट्रेलियाचा वेगळा, नॉर्दर्न टेरिटरीचा वेगळा. दोन्ही निघण्याआधी काढा. वस्तीत शिरल्यावर विचारल्याशिवाय कॅमेरा बाहेर काढू नका, ती लोकांची घरं आहेत. पेट्रोलची गाडी असेल तर पंपावर ओपल नावाचं इंधन मिळेल. पेट्रोल हुंगण्याच्या व्यसनाने इथली तरुण पोरं हकनाक गेली, म्हणून हे वेगळं इंधन आणलं. नेहमीच्या पेट्रोलच्या गाड्यांना ते चालतं.

वॉरबर्टनच्या अलीकडे माझा मागचा टायर फाटला. गाडी कडेला घेतली, पण जॅक भुसभुशीत मातीत रुतायला लागला. त्याच्याखाली ठेवायला जाड फळी आणली होती, तिच्यामुळे काम झालं. स्टेपनी चढवत होतो तेवढ्यात जुन्या स्टेशन वॅगनमधून एक आदिवासी कुटुंब आलं. मी हात केला नव्हता तरी थांबलं. आजोबांनी माझ्याकडचा पाना घेतला, सगळे नट स्वतः पुन्हा आवळून बघितले, "पाणी आहे ना?" विचारलं, आणि माझी गाडी सुरू झाल्यावरच ते निघाले. त्या रस्त्यावर थांबलेल्या गाडीला कुणी ओलांडून जात नाही. आपणही जायचं नाही.

साताऱ्याहून

मी कुठे गेले नाही, माझी मुलगी जाते. तरी लिहिते, कारण वाट बघणाऱ्याचीही एक बाजू असते. तिने मला नकाशावर तिचा ठिपका बघायला शिकवलं. सुरुवातीला ठिपका दोन तास हलला नाही की माझा जीव खालीवर व्हायचा. मग तिने समजावलं, "आई, ठिपका थांबला म्हणजे मी चहा करत असेन. ठरलेली वेळ टळली तरच फोन कर, पण मग अजिबात थांबू नकोस, लगेच कर." त्या एका वाक्याने मला झोप लागायला लागली. मुलामुलींनो, घरच्यांना एवढं नीट सांगून जा.

ब्रिस्बेनहून

काकू, अगदी बरोबर. माझा अनुभव बर्ड्सव्हिल ट्रॅकचा, मरी ते बर्ड्सव्हिल ५१७ किलोमीटर. मध्ये डिझेल मिळतं ते फक्त मंगरेनीला. मी तिथे पोचले आणि रात्री पाऊस लागला. आपल्या हिशेबाने ती भुरभुरच, पण सकाळी बुटाला मातीचे गोळे चिकटून पाय उचलेना. रस्ता बंद जाहीर झाला. बंद रस्त्यावर गाडी घातली की दंड होतोच, शिवाय चाकोऱ्या वाळून दगडासारख्या होतात आणि पुढच्या सगळ्यांना भोवतात. थांबले. खिचडी केली, शेजारच्या तंबूतल्या ट्रकवाल्यालाही दिली.

याच ट्रॅकवर १९६३च्या डिसेंबरात पाच जणांचं एक कुटुंब गाडीतलं पेट्रोल संपल्यावर गाडी सोडून पाणी शोधायला गेलं आणि पाचही जण दगावले. म्हणून परत परत सांगते: काहीही होवो, गाडी सोडायची नाही. आकाशातून गाडी दिसते, चालणारा माणूस दिसत नाही. माणशी रोजचं दहा लिटर पाणी धरा आणि वर काही दिवसांचं जास्तीचं. ते एकाच टाकीत ठेवू नका, टाकी फुटली तर सगळंच जाईल.

मेलबर्नहून

टायरबद्दल थोडं. कच्च्या रस्त्यावर हवा कमी करा आणि वेगही उतरवा. कमी हवेवर जोरात पळवलं की टायर तापून फाटतो. डांबर लागलं की परत भरा. त्यासाठी छोटा कॉम्प्रेसर हवाच. समोरून रोड ट्रेन, म्हणजे मागे दोन-तीन ट्रेलर जोडलेला लांबलचक ट्रक, येताना दिसली तर सरळ कडेला घेऊन थांबा, धूळ बसेपर्यंत काही दिसत नाही.

ॲडलेडहून

मरीला थांबाल तर उंटवाल्यांच्या जुन्या मशिदीची प्रतिकृती बघा. घॅन हे नाव ज्यांच्यावरून पडलं त्या 'अफगाण' उंटवाल्यांत बलुचिस्तान, सिंध, पंजाबकडचे कितीतरी जण होते, म्हणजे तेव्हाच्या हिंदुस्थानातलेच. तारायंत्राच्या (टेलिग्राफ) लाइनचं सामान, लोकर, पीठ, सगळं त्यांनी या वाळवंटातून वाहून नेलं. मोटारी आल्या आणि उंट मोकाट सोडले गेले, त्यांचे वंशज आज तुमच्या गाडीसमोर येतात. कावर्ड स्प्रिंग्जला खजुराची जुनी झाडं आहेत, तिथे मुक्काम करा. जुलैतल्या रात्री वृश्चिक थेट डोक्यावर येतो. आपल्याकडे दक्षिणेला बघावा लागतो तोच.

सिडनीहून

मला सुट्टी डिसेंबरातच मिळते. सिम्पसन वाळवंट एकट्याने पार करता येईल का?

ॲडलेडहून

नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या बाजूने सिम्पसन १ डिसेंबर ते १५ मार्च बंदच असतं. ऊडनाडाटाला २ जानेवारी १९६० रोजी ५०.७ अंश तापमान नोंदलं गेलंय, यावरून उन्हाळ्याचा अंदाज घ्या. आणि उघडं असतानाही सिम्पसनला एकट्या गाडीने पहिल्यांदाच जाऊ नका. एकामागून एक हजाराहून जास्त वाळूच्या टेकड्या आहेत, रुतलात तर ओढून काढायला दुसरी गाडी लागते. जूनमध्ये रजा मिळते का बघा. आम्ही दोन गाड्या जाणार आहोत, तिसरीला जागा आहे.