रविवारचा मराठी रेडिओ कार्यक्रम इंटरनेटवर ऐकवायचा आहे

प्रेषक: रविवारच्या कार्यक्रमाची निवेदिका

मंडळी, नमस्कार.

गणपतीच्या बैठकीत तिघीजणींनी मला एकच गोष्ट सांगितली, "काकू, तुमचा कार्यक्रम आमच्याकडे लागतच नाही." गाडी डब्लिन उपनगराच्या बाजूला निघाली की आवाज तुटायला लागतो आणि पॉवेलला नुसती खरखर. सात वर्षं मी दर रविवारी दोन तास त्या स्टुडिओत बसते आहे आणि ओहायोतल्या या कोलंबसमधली आपली निम्मी घरं ते ऐकूच शकत नाहीत, हे मला फार लागलं.

स्टेशनच्या मॅनेजरांशी बोलले. इंटरनेटवर द्यायला त्यांची हरकत नाही, पण जोडून देणारं माणूस आपलं हवं. भाचा म्हणतो, मोबाइल टेबलावर ठेवून फेसबुकवर लाइव्ह जा. चालेल का? सांगलीला आईलाही ऐकायचं आहे. ती आता 84 वर्षांची आहे.

प्रेषक: तंत्र समिती

काकू, नमस्कार.

कोणाच्याही रेडिओत दोष नाही. आपलं स्टेशन लो-पॉवर एफएम आहे, म्हणजे जास्तीत जास्त 100 वॉट. ते पाच-सहा किलोमीटरपर्यंत नीट ऐकू येतं. डब्लिन आणि पॉवेल त्याच्या बरेच पलीकडे आहेत.

मोबाइल टेबलावर ठेवू नका. खोलीचा घुमारा येतो, तुमचा कागद सरकवल्याचा आवाज तुमच्या आवाजापेक्षा मोठा येतो, आणि गाणं लागलं की हक्कांच्या कारणाने व्हिडिओ मुका होऊ शकतो. मी रविवारी येऊन बघितलं. माइक आणि गाण्यांचे आवाज एकत्र करणाऱ्या मिक्सरच्या मागे आवाज बाहेर काढायची एक जागा मोकळी आहे. तिथून यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे आवाज लॅपटॉपला समजेल असा करणारी डबी, मग लॅपटॉप. लॅपटॉपवर 'बट' नावाचं मोफत सॉफ्टवेअर घालू. ते आवाजाचा एमपी3 करून सतत सर्व्हरकडे पाठवतं. सर्व्हरवर, म्हणजे सतत चालू असणाऱ्या संगणकावर, तो आवाज श्रोत्यांना वाटणारं 'आइसकास्ट' चालेल, तेही मोफत.

सर्व्हर मात्र स्टेशनात नको. सेकंदाला 128 किलोबिटने एका श्रोत्याला तासाला साधारण 58 एमबी जातात. शंभर लोक एकाच वेळी आले तर सेकंदाला जवळजवळ 13 मेगाबिट अपलोड लागेल आणि स्टेशनची लाइन तिथेच बसेल. भाड्याचा सर्व्हर घेतला तर स्टुडिओतून एकच धार जाते, वाटप तिकडे होतं. सर्व्हरला एचटीटीपीएस, म्हणजे सुरक्षित जोडणी, लावायचंच. नाहीतर मंडळाच्या पानावरचं प्लेयरचं बटण काही ब्राउझरमध्ये गप्प बसेल आणि लोक तुम्हाला फोन करतील.

माझा सगळा वेळ गेला तो एका गुणगुणीत. चाचणीला हेडफोन लावला तर तुमच्या आवाजाखाली बारीक, सलग 'हूंऽऽ'. केबल बदलली, इंटरफेस बदलला, जात नाही. शेवटी लॅपटॉपचा चार्जर काढला आणि एकदम शांत! लॅपटॉप आणि मिक्सर वेगवेगळ्या सॉकेटवर होते, त्यातून अर्थिंगचा फेरा तयार झाला होता, म्हणजे दोन्हींच्या अर्थिंगमधून वीज फिरत होती आणि तीच गुणगुणत होती. दोन तास बॅटरीवर भरवसा ठेवणं मला पटत नाही. म्हणून दोन्ही सॉकेटच्या एकाच पट्टीवर घेऊ आणि आवाजाच्या केबलमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालू, तो आवाज जाऊ देतो पण तो फेरा तोडतो.

वाय-फाय वापरायचं नाही. राउटर दुसऱ्या खोलीत आहे, 50 फुटी केबल लागेल. आणि ऐकणाऱ्याकडे आवाज अर्धा मिनिटसुद्धा मागे असू शकतो. फोन लावणाऱ्याने आधी आपला प्लेयर बंद करावा, हे दर वेळी सांगा.

प्रेषक: खजिनदार

वहिनी, यंत्राचं ठरवण्याआधी हक्कांचं ठरवू या. मी यावर बराच वाचून बसलो आहे.

अमेरिकेत एफएमवर गाणं वाजलं की शब्द आणि चालीच्या हक्कांचे पैसे द्यावे लागतात, ध्वनिमुद्रणाचे नाही. इंटरनेटवर गेलं की ध्वनिमुद्रणाचेही द्यावे लागतात आणि ते 'साउंडएक्सचेंज' नावाची संस्था गोळा करते. हा परवाना स्टेशनच्या नावाने लागेल, वाटा आपण उचलू. त्या परवान्याच्या अटी आपल्या अगदी अंगावर येणाऱ्या आहेत. तीन तासांत एका अल्बमची तीनपेक्षा जास्त गाणी नाहीत, त्यातली सलग दोनच. एका कलाकाराची जास्तीत जास्त चार, सलग तीन. दर शनिवारी आपण 'उद्याची गाणी' म्हणून यादी पाठवतो, ती बंद करावी लागेल, कारण गाण्यांची नावं आधी जाहीर करता येत नाहीत. कार्यक्रम नंतर ऐकायला ठेवायचा तर तो किमान पाच तासांचा हवा आणि दोनच आठवडे ठेवता येतो. आपला दोन तासांचा त्यात बसत नाही.

आणि हे लिहिताना जिवावर येतं आहे, पण हा परवाना अमेरिकेतल्या श्रोत्यांपुरताच आहे. सांगली त्यात येत नाही. गप्पांचा भाग मात्र सगळा आपला. तो वेगळा काढून पाठवायला कोणाची आडकाठी नाही.

प्रेषक: रविवारच्या कार्यक्रमाची निवेदिका

भावजी, तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा रडू आलं. दर रामनवमीला मी गीतरामायणातली आठ गीतं ओळीने लावते, तेच आता चालणार नाही म्हणून.

रात्री आईला फोन केला. ती म्हणाली, "अगं, आम्हाला कुठे आठ मिळायची?" 1955च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झालं, दर आठवड्याला एक नवं गीत, अशी 56. आई तेव्हा चौदा वर्षांची होती. घरी रेडिओ नव्हता. शेजारच्या वाड्यातल्या ओसरीवर बायका फुलं घेऊन यायच्या, रेडिओला हार घालायच्या, आणि गाणं संपलं तरी जरा वेळ कोणी उठायचं नाही.

तर या रामनवमीपासून दर रविवारी एकच लावीन. त्याआधी पाच मिनिटं आई बोलेल, त्या ओसरीबद्दल. तिचं बोलणं मी फोनवर ध्वनिमुद्रित करून आणीन, आणि गप्पांची ती फाइल तिलाच सांगलीला पाठवू. एवढं तर नियमात बसतं ना?

शनिवारची यादी आजपासून बंद. तंत्र समितीला सांगायचं म्हणजे, 50 फुटी केबल मी घेतली आहे, निळी. रविवारी नऊला स्टुडिओत पोचते, चहा घेऊन येते.