उल्केचं लोखंड आणि पात्यावरची नक्षी

प्रश्न असा आहे की लोखंडी उल्केचा तुकडा भट्टीत घालून ठोकला तर त्याच्या कापावर दिसणारी आडवीतिडवी नक्षी पात्यावर टिकेल का. नाही टिकणार. ती नक्षी म्हणजे कमी आणि जास्त निकेल असलेल्या दोन खनिजांचे, कॅमेसाइट आणि टीनाइटचे, एकमेकांत गुंतलेले पट्टे. लाखो वर्षांत अतिशय सावकाश थंड होताना ते तयार झाले. लाल होईपर्यंत तापवून ठोकलं की ते विस्कटतात, आणि पुन्हा कुठल्याही भट्टीत घडत नाहीत. मला तर त्या तुकड्यावर हातोडा मारायचीच भीती वाटते! नक्षी हवी असेल तर उल्केचा काप न तापवता मुठीवर बसवा.

पातंच करायचं असेल तर एकट्या उल्केचं नको. त्यात कार्बन नगण्य असतो, त्यामुळे पाणी देऊनही (तापवून झटकन थंड करूनही) धार टिकत नाही. शिवाय आतल्या गंधकाच्या खनिजामुळे ठोकताना तडे जातात. जहांगीराच्या कारागिराला हेच भोवलं. १६२१ मध्ये जालंधरजवळ पडलेल्या उल्केचं लोखंड हातोड्याखाली फुटायला लागलं, तेव्हा तीन भाग उल्का आणि एक भाग साधं लोखंड असं मिश्रण करून तलवारी, खंजीर आणि सुरी घडवली गेली.

आज धारेसाठी मधे जास्त कार्बनचं पोलाद आणि दोन्ही बाजूंना उल्केचे थर घेतात. फेरिक क्लोराइड या धातू खाणाऱ्या रसायनात बुडवलं की पोलाद काळवंडतं आणि निकेल असलेले उल्केचे थर चमकत राहतात. ही नक्षी कारागिराची असते, उल्केची नाही, पण फार देखणी दिसते.