करारी, कठोर, उग्र चेहऱ्यांसाठी इंग्रजी शब्द

भाषांतरी: मराठी कथा इंग्रजीत नेतोय. त्यात निवृत्त हेडमास्तर आहेत: करारी चेहरा, दाट भुवया, घट्ट मिटलेले ओठ. चिडत नाहीत, तरी पोरं चळाचळा कापतात. 'स्ट्रिक्ट फेस' खटकतंय. 'स्टर्न', 'सिव्हिअर', 'ग्रिम' यांत नेमका फरक काय?

समास: 'स्ट्रिक्ट' माणसाला किंवा नियमाला लागतं, चेहऱ्याला नाही. तुमच्या हेडमास्तरांना 'स्टर्न' चपखल बसतं. त्यात अधिकार आहे, धाक आहे, दुष्टावा नाही. 'सिव्हिअर'मध्ये मऊपणाचा मागमूस नसतो. ताणून बांधलेल्या अंबाड्यालाही तो शब्द लावतात. 'ग्रिम' टाळाच. वाईट बातमी सांगायला बाहेर आलेल्या डॉक्टरचा चेहरा 'ग्रिम'. 'हार्श' आवाजाला, शब्दांना, उजेडाला जास्त शोभतं.

शुद्धपान: ठेवण वेगळी, भाव वेगळा; बरीच भाषांतरं इथेच फसतात. 'स्काउल' (आठ्या घालून रागाने बघणं) आणि 'ग्लाउअर' (रागाने रोखून बघणं) हे भाव, येतात नि जातात. हेडमास्तर पानोपानी 'स्काउल' करू लागले तर कायम चिडलेले वाटतील. 'क्रॅगी' (खडकासारखा राकट), 'गॉन्ट' ही ठेवण. पण 'गॉन्ट' म्हणजे आजाराने किंवा उपासमारीने ओढलेला चेहरा, करारी नव्हे. 'क्रॅगी' बहुधा पुरुषांबद्दल, तेही थोडं कौतुकाने. 'चिझल्ड' तर सरळ देखणा. दाट भुवयांना 'बीटल-ब्राउड' आहे, पण जुनाट वाटतं. 'हेवी ब्राउज' पुरे.

'फ्राउन' जपून वापरा. ब्रिटिश वाचकाला त्यात आठ्या दिसतात, अमेरिकन वाचकाला बऱ्याचदा खाली वळलेले ओठ. आठ्याच हव्या असतील तर 'फरोड ब्राउ' लिहा.

समास: 'डूअर'ही सुचेल. तो स्कॉटलंडकडचा शब्द, त्यात कोरडा, आनंदाला पारखा स्वभाव येतो. 'सॅटर्नाइन' शनीवरून आलेला; सावळा, उदास, मनात काहीतरी घोळवणारा चेहरा. दोन्ही तुमच्या माणसाचे नाहीत.

भाषांतरी: आभार. मग 'अ स्टर्न, टाइट-लिप्ड ओल्ड मॅन' चालेल?

शुद्धपान: 'टाइट-लिप्ड' नको, त्याचा अर्थ बहुधा माहिती बाहेर न फुटू देणारा असा घेतला जातो. 'हिज माउथ वॉज सेट इन अ फर्म लाइन' लिहा. 'फर्म'मध्ये करारीपणा आला, त्यामुळे त्याच वाक्यात 'स्टर्न' कोंबू नका. तो पुढे नजरेसाठी ठेवा.