रूट ६६ साठी घडीचा नकाशा निवडताना
अमेरिकेतील रूट ६६ या जुन्या महामार्गाचा शिकागो ते सांता मोनिका हा सगळा मार्ग एकाच पानावर दाखवणारा नकाशा पुरेल, असे सुचवले गेले आहे; मला मात्र राज्यवार नकाशांचा संच अधिक उपयुक्त वाटतो. १९२६ साली सुरू झालेला हा महामार्ग १९८५ मध्ये अधिकृत यादीतून वगळला गेला, त्यामुळे सर्वसाधारण नकाशांत तो सलग सापडत नाही, शिवाय त्याची आखणीही वेळोवेळी बदलली: न्यू मेक्सिकोत १९३७ पूर्वीचा रस्ता सांता रोझाच्या पुढे उत्तरेला सांता फेकडे वळतो, तर नंतरचा थेट आल्बुकर्कीला जातो. दोन्ही रस्ते सालांसह, वेगळ्या रंगांत दाखवणारा आणि प्रत्येक वळण शब्दांत सांगणारा नकाशाच घ्यावा. या सूचना दोन्ही दिशांसाठी दिलेल्या आहेत ना, हेही पाहावे. सांता मोनिकाहून निघणाऱ्याला त्या उलट्या वाचत जाणे फार जड जाते.