ॲमस्टरडॅमच्या कॉफीशॉपमध्ये गांजा घेताना नियम काय? (पर्यटकांसाठी)

राईनकाठ:
आम्ही तिघं मित्र कोलोनहून ट्रेनने दोन दिवस ॲमस्टरडॅमला जातोय. सगळे पंचविशीचे, भारतीय पासपोर्ट, जर्मनीचं रहिवासी कार्ड. होळीच्या भांगेपलीकडे कुणालाच अनुभव नाही. परदेशी माणसाला विकतात का? काय मागायचं, कुठे ओढायचं? जर्मनीत आता 25 ग्रॅम बाळगता येतो, तर उरलेला परत आणला तर चालेल का? येताना मास्ट्रिख्तही करायचा विचार आहे.

कालवेकर:
ॲमस्टरडॅममध्ये पर्यटकांना विकतात. पण गांजा तिथे कायदेशीर नाही, फक्त खपवून घेतला जातो. 1976 पासूनचं हे धोरण आहे आणि ते परवाना असलेल्या दुकानापुरतंच आहे. वय 18 पूर्ण हवं, नाहीतर आतही घेत नाहीत. मूळ पासपोर्ट न्या, मोबाईलवरचा फोटो बहुतेक ठिकाणी चालत नाही. एका माणसाला दिवसाला जास्तीत जास्त 5 ग्रॅम. दुकानात दारू मिळत नाही. जाहिरातीला बंदी आहे, त्यामुळे यादी काउंटरवर मागून बघावी लागते. नोटा जवळ ठेवा, परदेशी क्रेडिट कार्ड अनेक ठिकाणी घेत नाहीत.

नवखे लोक अडकतात ते तयार जॉइंटमध्ये, म्हणजे गांजा भरून वळलेल्या सिगारेटमध्ये. त्यात बहुधा तंबाखू असते, आणि 2008 पासून दुकानात तंबाखू ओढायला बंदी आहे. मग लोक तो घेऊन बाहेर येतात, आणि डे वालेन म्हणजे रेड लाइट भागात मे 2023 पासून रस्त्यावर गांजा ओढायला बंदी, दंड 100 युरो. म्हणून विचारतानाच 'प्युअर' म्हणजे बिनतंबाखूचा मागा आणि तिथेच बसून ओढा. बसायचं तर चहा-कॉफी काहीतरी घ्यायची, ही तिथली रीत आहे. आत फोटो काढू नका.

रस्त्यावर कुणी हळूच काही विकायला आलं तर थांबूसुद्धा नका. 2014 मध्ये ॲमस्टरडॅमच्या रस्त्यावर कोकेन म्हणून हेरॉइन विकलं गेलं आणि त्यात पर्यटक दगावले.

वैद्यबुवा:
भांगेच्या अंदाजाने जाऊ नका. तिथल्या गांज्यात टीएचसी (नशा आणणारा घटक) सर्रास 15 टक्के किंवा त्याहून जास्त असतं. तिघांत मिळून 1 ग्रॅम भरपूर झाला. काउंटरवर स्पष्ट सांगा की पहिल्यांदाच घेतोय, सर्वात सौम्य द्या; ते नीट सांगतात. एक झुरका घ्या, पंधरा मिनिटं थांबा, मग दुसरा. पोट रिकामं नको, आणि त्या संध्याकाळी बिअर नको. दोन्ही एकत्र झालं की चक्कर आणि उलट्या ठरलेल्या.

स्पेसकेक, म्हणजे गांजा घातलेला केक, पहिल्या खेपेला टाळाच, असं माझं ठाम मत आहे. खाल्लेलं टीएचसी यकृतातून जातं, तिथे त्याचं जास्त तीव्र रूप तयार होतं. चढायला अर्धा ते दोन तास लागतात, आणि 'काहीच होत नाही' म्हणून माणूस दुसरा तुकडा खातो. मग दोन्ही एकदम चढतात आणि सहा-आठ तास उतरत नाहीत. खायचाच असेल तर पाव तुकडा, आणि त्या दिवशी आणखी काही नाही.

जास्त झालं, छाती धडधडायला लागली, घाबरायला झालं तर शांत जागी बसवा, पाणी आणि गोड काहीतरी द्या, एकटं सोडू नका. शुद्ध हरपली, छातीत दुखायला लागलं किंवा उलट्या थांबेनात तर 112. काय आणि किती घेतलं ते डॉक्टरांना खरं सांगा. घरात मनोविकाराचा (स्किझोफ्रेनिया वगैरे) इतिहास असेल किंवा हृदयाचा त्रास असेल त्याने घेऊच नये.

सीमेपलीकडे:
उरलेला आणू नका, 1 ग्रॅमसुद्धा. जर्मनीत एप्रिल 2024 पासून 25 ग्रॅम बाळगायला मुभा आहे, पण बाहेरून आणणं हा तिथे अजूनही गुन्हाच आहे. सीमा ओलांडणाऱ्या ट्रेनमध्ये पोलीस सामान तपासतात. रहिवासी कार्डावर राहणाऱ्या माणसाने असली नोंद ओढवून घेण्यात काय अर्थ आहे? निघताना जॅकेटचे खिसे, गांजा बारीक करायचा ग्राइंडर, सिगारेटचं पाकीट सगळं रिकामं करा.

आणि भारतात तर मुळीच नको. एनडीपीएस कायद्यात (भारताचा अमली पदार्थविरोधी कायदा) 1 किलोपर्यंत गांजा किंवा 100 ग्रॅमपर्यंत चरस ही 'अल्प मात्रा' धरतात, पण त्यालाही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. केक-चॉकलेट भेट म्हणून बॅगेत टाकणारे लोक आहेत, म्हणून सांगतो: 2020 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार मिश्रण असेल तर संपूर्ण मिश्रणाचं वजन धरलं जातं, नुसत्या अमली पदार्थाचं नाही.

राईनकाठ:
सगळ्यांचे आभार. स्पेसकेक रद्द. मास्ट्रिख्तचं काय?

कालवेकर:
शहर जरूर बघा, खरेदी विसरा. तिथे फक्त नेदरलँड्समध्ये राहणाऱ्यांनाच विकतात. जर्मन रहिवासी कार्डाचा उपयोग नाही. आणि ॲमस्टरडॅमचा उरलेला गांजा घेऊन तिकडे जाण्यातही शहाणपण नाही, कारण तिथून आखेनमार्गे परत येताना सीमा पुन्हा ओलांडायचीच आहे. जेवढा त्या संध्याकाळी संपेल तेवढाच घ्या.