खरेदीची ‘पाइपलाइन’: मराठीत काय म्हणायचं?

उद्यमनगरकर
सरकारी कार्यालयं येत्या काळात काय घेणार, कधी घेणार, साधारण किती रुपयांचं घेणार याची आगाऊ यादी छापतात, तिला इंग्रजीत ‘प्रोक्युअरमेंट पाइपलाइन’ म्हणतात. ब्रिटनमध्ये २०२३ च्या खरेदी कायद्याने ती बंधनकारक झाली. कायदा २४ फेब्रुवारी २०२५ पासून लागू आहे. वर्षाला १० कोटी पौंडांच्या वर खरेदी असलेल्या संस्थेने १ एप्रिलपासून ५६ दिवसांत, पुढच्या १८ महिन्यांतली २० लाख पौंडांवरची कंत्राटं जाहीर करायची. आमच्या फौंड्रीवाल्यांच्या, म्हणजे लोखंडाचं ओतकाम करणाऱ्यांच्या, बैठकीत यावर दहा मिनिटं बोलायचंय आणि पहिल्याच शब्दाला अडलोय. कोल्हापुरात ‘पाइपलाइन’ म्हटलं की सगळ्यांना काळम्मावाडी धरणाची पाण्याची पाइपलाइन आठवते. थेट पाइपलाइनच्या पाण्याची आपण २०२३ च्या दिवाळीपर्यंत वाट बघितली. तो शब्द वापरला तर विषय पाण्यावरच जाणार.

माझी तळमळ का, तेही सांगतो. मागे एका कार्यालयाची चेंबरच्या झाकणांची निविदा निघाली. अल्पमुदतीची, सात दिवसांची, आणि सोबत नमुना द्यायचा. पॅटर्न, म्हणजे ज्यावरून साचा बनतो तो लाकडी नमुना, नवा करायला टाकला, बयाणा रकमेची सोय केली. पाचव्या दिवशी शुद्धिपत्रक आलं: झाकणाचा व्यास बदलला. अर्धा झालेला लाकडी पॅटर्न अजून माळ्यावर आहे. याउलट गाड्यांचे सुटे भाग घेणारं आमचं गिऱ्हाईक तीन महिन्यांचं शेड्यूल देतं. पहिला महिना पक्का, पुढचे दोन ‘टेंटेटिव्ह’. टेंटेटिव्ह म्हणजे ऑर्डर नव्हे, हे शॉपमधल्या पोरालाही कळतं. पण त्यावर पिग आयर्न, म्हणजे ओतकामाचं कच्चं लोखंड, आणि माणसं जुळवता येतात. मला सरकारी खरेदीसाठी असाच शब्द हवाय.

राजारामपुरी, अनुवाद करते
दादा, ‘वार्षिक खरेदी योजना’ मात्र लिहू नका. मराठी कानाला ‘योजना’ म्हणजे ज्यात अर्ज भरायचा, अनुदान मिळायचं, लाभार्थी निवडायचे ती. मी एकदा एका पत्रकात हा शब्द वापरला, तर दोघांनी विचारलं, ‘ताई, शेवटची तारीख कधी?’ ‘प्रापण’ हिंदीतून येतो, पण आपल्याकडे तो कागदातच मरतो. ‘खरेदी’ हा पुरता मुरलेला शब्द आहे, तोच ठेवा.

‘आराखडा’ चालेल असं आधी वाटलं होतं. ग्रामपंचायत विकास आराखडा आहे, जिल्हा नियोजन समितीचा प्रारूप आराखडा आहे, लोकांना सवय आहे. अडचण अशी की आराखडा मंजूर होतो आणि त्याची फाईल होते. त्यात ‘कधी’ हे नसतं. तुम्हाला नेमकी तारीखच हवी आहे ना?

भांडार विभागात पंचवीस वर्षं
कार्यालयाच्या आतली भाषा सांगतो. प्रत्येक शाखा मागणीपत्र देते, आम्ही ‘एकत्रित मागणी’ करतो, मग तरतूद बघायची, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता आणि शेवटी निविदा. म्हणजे यादी आमच्याकडे असतेच हो! बाहेर जात नाही, एवढंच. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांत, २०१७ च्या, नियम १४४ मध्ये स्पष्ट लिहिलंय की मंत्रालयांनी वर्ष सुरू होण्याआधी वार्षिक खरेदीचं नियोजन तयार करून संकेतस्थळावर ठेवावं. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ तर २००५ पासून प्रस्तावित खर्च स्वतःहून जाहीर करायला सांगतं.

एकत्रित मागणी वेळेत झाली नाही की खरेदीचे तुकडे पडतात, आणि सगळं मार्चअखेरीस येऊन साचतं. फेब्रुवारीत रात्री आठपर्यंत बसून आम्ही ते उपसलंय. पुरवठादाराला वाटतं, यांना घाई कसली झालीय. घाई कुणालाच नको असते.

शब्दाचं म्हणाल तर ‘प्रस्तावित’ टाळा. आमच्याकडे ‘प्रस्तावित’ काम दहा वर्षंही तसंच राहू शकतं.

सायबर चौक, स्पर्धा परीक्षावाली
मी वयाने लहान आहे, चुकलं तर सांगा. लोकसेवा आयोग दरवर्षी ‘स्पर्धा परीक्षांचे अंदाजित वेळापत्रक’ काढतो. आम्ही अभ्यासिकेत ते भिंतीला चिकटवतो. तारीख पुढं सरकू शकते हे माहीत असतं, तरी अभ्यास त्याच्यावरच लागतो. मग ‘अंदाजित खरेदी वेळापत्रक’ का नको?

राजारामपुरी, अनुवाद करते
वा! ‘अंदाजे’ आणि ‘अंदाजित’ यांतला फरकही इथे कामाला येतो. ‘अंदाजे’ म्हणजे ढोबळ, नजरेने मापलेलं. ‘अंदाजित’ म्हणजे कुणीतरी बसून, जबाबदारीने काढलेला अंदाज. ‘संभाव्य’मध्ये होईल की नाही हाच प्रश्न असतो, ‘अंदाजित’मध्ये होणार हे धरलेलं असतं, कधी आणि किती हे हलतं. फक्त नुसतं ‘अंदाजपत्रक’ म्हणू नका. तो शब्द आधीच दोन कामांत अडकलाय: एकदा बजेट, एकदा इंजिनिअरने काढलेला कामाचा खर्च.

उद्यमनगरकर
ताई, साहेब आणि तू बाळ, तिघांचे मनापासून आभार. ‘अंदाजित खरेदी वेळापत्रक’ हेच बोलणार. आपल्याकडे ऊसतोडणीची क्रमपाळी असते तसंच हे; कारखान्याकडे नोंद केली की पाळी साधारण कधी येईल ते शेतकरी धरून चालतो.

आता दुसरा अर्धा भाग. छापल्यानंतर त्याचं काय झालं हे कळवण्याला काय म्हणायचं? ‘अहवाल’ म्हटलं की वर्ष संपल्यावरचा जाडजूड कागद वाटतो.

भांडार विभागात पंचवीस वर्षं
त्याला ‘सद्यस्थिती’. यादीतच शेवटचा रकाना करायचा: मान्यता मिळाली, निविदा प्रसिद्ध, फेरनिविदा, पुरवठा आदेश दिला. दर तिमाहीला भरायचा. आणि खरेदी सोडून दिली असेल तर ओळ पुसायची नाही, तिथं ‘रद्द’ लिहायचं. म्हणजे तुमच्यासारख्या माणसाचा पॅटर्न पुन्हा माळ्यावर जाणार नाही.