मदत हवी आहे: व्हरमाँटची बिअर ट्रिप आणि पुण्याला न्यायचे कॅन

मंडळी, ऑक्टोबरमधे न्यू जर्सीहून गाडीने व्हरमाँटला जातोय, आम्ही दोघं आणि एक मित्र, तो पीत नाही त्यामुळे ड्रायव्हिंग त्याच्याकडे. तीन ब्रुअरी (बिअर बनवतात ती ठिकाणं) बघायच्या आहेत: वेट्सफील्डला लॉसन्स, तिथून रूट १०० ने सरळ वर स्टोवला अल्केमिस्ट, आणि दुसऱ्या दिवशी ग्रीन्सबरोला हिल फार्मस्टेड असं ठरवलंय. शेवटचा टप्पा जरा आडबाजूला आहे, कच्चा रस्ता लागतो, पण ते मला काहीही करून करायचंच आहे. त्यासाठी स्टोवला मुक्काम बरा की बर्लिंग्टनला?

आता खरी अडचण. मागच्या वेळी दुसरीकडून आणलेली आयपीए (हॉप्स नावाची कडवट, सुवासिक फुलं भरपूर घातलेली बिअर) दोन दिवस डिकीत राहिली, घरी येऊन कॅन फोडला तर आंब्या-संत्र्याचा वास पार गेलेला आणि चव ओल्या पुठ्ठ्यासारखी, फार वाईट वाटलं. या हॉप्सवाल्या बिअरला ऊन आणि वेळ दोन्ही सोसत नाही. म्हणून यंदा कूलर नेतोय, पण परतीच्या सहा तासांत बर्फाच्या पाण्यात कॅन बुडलेले चालतात का, की जेल पॅक घेऊ?

आणि नोव्हेंबरात पुण्याला जाणार आहे, भावाला अल्केमिस्टची हेडी टॉपर ही आयपीए पाजायचीय. भारतात ड्यूटी फ्री २ लिटर, आणि ४७३ मिलीचे ४ कॅन म्हणजे १.८९ लिटर, बरोब्बर बसतं. चेक-इन बॅगेत कपड्यांत गुंडाळून कुणी नेलेत का, फुटले का? प्लीज सांगा.